विनातारण म्हातारपण

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली 'हार्बरसाइड' ही ज्येष्ठांची वसाहत २०१० मध्ये सुरू झाली. राहती घरं विकून, त्यातून आलेले लाखो डॉलर प्रवेशाच्या वेळी भरून लोक तिथे राहायला आले. बोली अशी होती की हातपाय चालतात तोवर स्वतंत्र घर, पुढे आधार लागला तर मदतनीस, अंथरूण धरलं तर त्याच आवारातल्या शुश्रूषा विभागात खाट. आणि माणूस गेला किंवा सोडून गेला की भरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा परत. २०१४ मध्ये या वसाहतीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ मध्ये दुसरा. २०२३ मध्ये तिसरा. तिसऱ्या खेपेला एक ग्राहक जुने करार पाळायला तयार होता, पण राज्याच्या मंजुऱ्या मुदतीत आल्या नाहीत आणि व्यवहार फिसकटला. नंतर आलेल्या ग्राहकाने भाव कमी दिला आणि आजन्म देखभालीची जबाबदारीही घेतली नाही. शुश्रूषा विभागातल्या जराजर्जर माणसांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. परतफेडीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला आला तो मूळ रकमेचा तुकडा.

अशी बातमी आली की व्यवसायाच्या बाजूने ठरलेलं उत्तर येतं. अमेरिकेत कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी, म्हणजे सीसीआरसी, या प्रकारच्या सुमारे १९०० वसाहती आहेत. त्यांतल्या बहुतेक, जवळपास ऐंशी टक्के, ना-नफा संस्थांच्या. बुडतात त्या मोजक्या. येणारे लोक शिकलेले, सुस्थितीतले, सोबत वकील आणणारे. त्यांच्या हातात सगळी आर्थिक माहिती देणारी पुस्तिका ठेवली जाते. यावर आणखी नियम लादले, पैसे नुसते बाजूला काढून ठेवायला लावले, तर खर्च वाढेल आणि तो शेवटी म्हाताऱ्यांच्याच महिन्याच्या बिलात चढेल. यातलं एकेक विधान सुटं घेतलं तर खरं किंवा बरंचसं खरं आहे. पण ती सगळी एका रांगेत लावून 'म्हणून आहे तेवढी देखरेख पुरे' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो खरा नाही.

आधी पैशाचा प्रवास पाहू. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तो पटकन उमगेल, कारण हा व्यवहार हेवी डिपॉझिटच्या भावकीतला आहे. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं नाममात्र किंवा शून्य, आणि घर सोडताना रक्कम परत. हेवी डिपॉझिट दिलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. मालकाने ते पैसे कधीच कुठेतरी घातलेले असतात, आणि नवा भाडेकरू नवं डिपॉझिट घेऊन येईपर्यंत जुन्याचं डिपॉझिट मोकळं होत नाही. मुंबईत हे दबक्या आवाजात सांगितलं जातं. अमेरिकेत ते करारात छापलेलं असतं: परतफेड घर पुन्हा दिलं गेल्यानंतर, नव्या रहिवाशाच्या प्रवेश रकमेतून.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. वसाहतीत ३०० घरं, प्रत्येकाची प्रवेश रक्कम पाच लाख डॉलर आणि त्यातली ९० टक्के परत करायची बोली. म्हणजे संस्थेच्या डोक्यावर साडेतेरा कोटी डॉलरचं देणं. हे पैसे बँकेत नसतात. पहिल्या तुकडीची प्रवेश रक्कम बांधकामाचं अल्प मुदतीचं कर्ज फेडण्यात जाते. उरलेलं दीर्घ मुदतीचं कर्ज रोखे विकून उभं केलेलं असतं आणि त्यासाठी इमारत, जमीन, येणारं उत्पन्न, सगळं तारण असतं. यापुढे प्रत्येक परतफेड पुढच्या माणसाच्या पैशातून होते. घरं भरलेली आहेत तोवर हे चाक सुरळीत फिरतं. २००८ नंतर अमेरिकेतली घरविक्री थंडावली, तेव्हा ते अडकलं. ज्येष्ठांना आपलं राहतं घर विकता येईना, म्हणून वसाहतीत जाता येईना; घरं रिकामी राहिली की मासिक उत्पन्न घटलं, आणि त्याच वेळी परतफेडीची रांग लांबत गेली. २०२० मध्ये कोविडने हेच दुसऱ्या वाटेने घडवलं. मंदी आली की जमा कमी होते आणि देणं त्याच क्षणी वाढतं, अशी ही रचना आहे.

रहिवाशाने दिलेला पैसा मग आहे तरी काय? व्यवसायाचे वकील त्याला सेवेची किंमत म्हणतात. अमेरिकेच्या आयकर कायद्याला तसं वाटत नाही. बाजारभावापेक्षा कमी व्याजाने कर्ज दिलं तर न मिळालेल्या व्याजावरही कर लावणारं ७८७२ हे कलम त्या कायद्यात आहे. त्यातून पात्र सीसीआरसीला ज्येष्ठांनी दिलेल्या रकमेला खास सूट दिलेली आहे. सूट द्यावी लागली, कारण ती रक्कम कर्जाच्या व्याख्येत बसते. केंद्र सरकारचा कर-विभाग म्हाताऱ्या जोडप्याला सावकार मानतो आणि त्याच्या व्याजावरच्या करावर पाणी सोडतो. दिवाळखोरीच्या न्यायालयात मात्र याच सावकाराची जागा रांगेत अगदी मागे. तिथे आधी तारण असलेले रोखेधारक, मग दिवाळखोरीच्या प्रक्रियेचा वकील-सल्लागारांचा खर्च, मग कायद्याने ठरवलेली काही प्राधान्याची देणी, आणि उरलंसुरलं ते विनातारण धनकोंना. ग्राहकाने सेवेपोटी आगाऊ भरलेल्या पैशाला कायदा थोडं प्राधान्य देतो. त्याची मर्यादा माणशी तीन-चार हजार डॉलर आहे. फ्लोरिडाने आपल्या कायद्यात रहिवाशांचा दावा प्राधान्याचा ठरवला, पण तोही तारणी कर्जाच्या मागे. सगळी मालमत्ता आधीच गहाण असताना हे प्राधान्य कागदावरच राहतं.

याच माणसाने पाच लाख डॉलर बँकेत ठेवले असते तर? एका बँकेत एका नावावर अडीच लाख डॉलरपर्यंतची ठेव केंद्र सरकारच्या महामंडळाने विमाछत्राखाली घेतलेली असते. हे महामंडळ १९३३ मध्ये जन्माला आलं, कारण त्याआधीच्या तीन-चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या. आयुर्विमा कंपनी बुडाली तर राज्याराज्यांत हमी-संघ आहेत. सीसीआरसीच्या रहिवाशामागे देशपातळीवर असं काहीही नाही. पुण्यात रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द केला. ती नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते या शहराने पाहिलं आहे. तरी शेवटी त्यांच्यामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या विम्याचा आधार होता. रुपी बँकेच्या ठेवीदाराचे पैसे अडकले, राहतं घर मात्र शाबूत होतं. सीसीआरसीत ठेव, घर, जेवण आणि औषधपाणी अशी चारही खाती एकाच संस्थेत असतात.

'बुडतात त्या मोजक्या' या युक्तिवादासाठी हमखास पुढे केलं जाणारं उदाहरण एरिक्सनचं. जॉन एरिक्सन यांनी १९८३ मध्ये मेरीलँडमधल्या केटन्सव्हिलमध्ये, एका जुन्या धर्मशिक्षण महाविद्यालयाच्या आवारात, 'चार्ल्सटाउन' ही पहिली वसाहत उभी केली. पुढे कंपनी अकरा राज्यांत पसरली, वीस हजारांहून अधिक रहिवासी झाले, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१० मध्ये बाल्टिमोरच्याच रेडवुड कॅपिटलने ३६.५ कोटी डॉलरला ती विकत घेतली. रहिवाशांचे करार टिकले. बघा, एवढी मोठी कंपनी कोसळली तरी म्हातारी माणसं सुरक्षित राहिली, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं.

राहिली खरी. पण कशामुळे? वसाहती वेगवेगळ्या ना-नफा संस्थांच्या नावावर होत्या, बहुतेक भरलेल्या होत्या, आणि नेमका त्या वेळी खिशात पैसे असलेला खरेदीदार उभा राहिला. यात नियमाचा वाटा किती आणि नशिबाचा किती? हार्बरसाइडलाही पहिला खरेदीदार असाच भला भेटला होता. एरिक्सन वाचली आणि हार्बरसाइड बुडाली, यातला फरक रहिवाशांच्या कोणत्याही हक्कात नव्हता. दोन्हीकडे त्यांचा हक्क सारखाच दुबळा होता. शिवाय 'मोजक्या' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे तेही पाहायला हवं. रोखेधारकाचे पैसे वीस ठिकाणी विखुरलेले असतात. एखादी संस्था बुडाली तर त्याच्या दृष्टीने ती मोजक्यांतली. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे सगळे पैसे एकाच ठिकाणी असतात आणि ते नव्याने कमवायला त्याच्याकडे वेळ नसतो.

आता माहितीपुस्तिकेकडे. अमेरिकेत या वसाहतींवर केंद्र सरकारचा थेट अंमल नाही. शुश्रूषा विभागावर मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनांचे नियम लागू होतात, पण करार आणि पैसा हा राज्यांचा विषय. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०१० च्या जूनमध्ये यावर अहवाल दिला. तेव्हा ३८ राज्यांत सीसीआरसीसाठी वेगळे नियम होते आणि १२ राज्यांत नव्हते. जिथे होते तिथेही एक राज्य विमा खात्याकडून देखरेख करणारं, दुसरं समाजकल्याणकडून, तिसरं आरोग्याकडून. बहुतेकांचा भर एकाच गोष्टीवर: संस्थेने आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करावा. पुढच्या वीस-तीस वर्षांत किती रहिवासी आजारी पडतील, किती काळ जगतील आणि तोवर पैसे पुरतील का, हा हिशेब विमागणितीकडून नियमितपणे करून घ्यायला लावणारी राज्यं मोजकीच निघाली.

हा हिशेब नसेल तर पुस्तिकेतून काहीच कळत नाही. 'अ' प्रकारच्या, म्हणजे आजारपण आलं तरी मासिक दर जवळजवळ तेवढाच ठेवणाऱ्या करारात संस्था प्रत्यक्षात आरोग्यविमा विकत असते. विमा कंपनीने असा करार विकला तर भांडवल किती, गणित कोणी केलं, त्यावर सही कोणाची, हे सगळं तपासलं जातं. वसाहतीने विकला तर ग्राहकाला ताळेबंद वाचायला देऊन मोकळं होता येतं. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पिढी आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे आणि मुलं दुसऱ्या राज्यात असल्याने अशा वसाहतींच्या माहितीसभांना जाते आहे. ही माणसं आयुष्यभर आकडे हाताळत आलेली. पण त्यांतल्या किती जणांना 'स्थगित उत्पन्न' या खात्याखाली आपल्याच प्रवेश रकमेचा न परतीचा भाग बसवलेला आहे आणि तो वर्षागणिक उत्पन्नात वळता होतो, हे ताळेबंदातून ओळखता येईल? हातात पुस्तिका दिली म्हणून जोखीम कमी होत नाही. उद्या बुडालो तर 'तुम्ही सही केली होती' एवढं म्हणायची सोय मात्र होते.

खर्चाचा युक्तिवाद हा या सगळ्यात वजनदार, आणि तोच सर्वात पोकळ. गंगाजळी राखायला लावू नका, घरं किती भरली याचे उंबरठे लावू नका, रोकड किती दिवस पुरेल ते विचारू नका, त्याने आमचे हात बांधले जातील, असं नियामकाला सांगणारी संस्था रोखे विकताना काय करते? रोख्यांच्या करारनाम्यात हेच सगळं आधीच मान्य करते. हातात किमान इतक्या दिवसांची रोकड असेल. कर्जाच्या हप्त्याच्या तुलनेत उत्पन्न अमुक पटीखाली जाणार नाही. गेलं तर बाहेरचा सल्लागार नेमून त्याचा अहवाल रोखेधारकांना देऊ. दर तिमाहीला आकडे कळवू. हे आकडे नगरपालिका रोख्यांच्या 'एम्मा' नावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. आपली वसाहत धड आहे की नाही हे नीट जाणून घ्यायचं असेल, तर रहिवाशाने आपल्याला मिळालेली वार्षिक पुस्तिका बाजूला ठेवून सावकारांसाठी तयार केलेले तिमाही कागद वाचावेत, अशी ही अजब स्थिती आहे. काही वसाहतींत निवृत्त हिशेबनीसांच्या समित्या नेमकं तेच करतात. सावकाराने घातलेल्या अटी परवडतात. त्याच अटी राज्याने रहिवाशासाठी घातल्या की धंदा बसतो, हे म्हणणं टिकणारं नाही.

फ्लोरिडाने ते टिकू दिलं नाही. टॅम्पामधलं 'युनिव्हर्सिटी व्हिलेज' मालकीच्या हस्तांतरणावरून राज्याच्या विमा नियामकाशी वाद चालू असतानाच २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेलं. २०१९ मध्ये फ्लोरिडाने आपल्या ६५१ व्या प्रकरणात मोठी दुरुस्ती केली. आता तिथे तीन कसोट्या आहेत: ८० टक्के घरं भरलेली, हप्ता फेडण्याइतकं उत्पन्न, आणि शंभर दिवस पुरेल इतकी रोकड. तीनपैकी दोन कसोट्यांत संस्था नापास झाली की नियामकाला हस्तक्षेप करता येतो. सुधारणेचा आराखडा मागता येतो, तो अमान्य करता येतो. या कसोट्या रोख्यांच्या करारनाम्यांतल्याच आहेत. फ्लोरिडातले वसाहतवाले या कायद्याने देशोधडीला लागले नाहीत.

गंगाजळीचा बोजा खरोखर किती, तेही मोजून पाहता येतं. कॅलिफोर्नियात वर्षभराचे कर्जाचे हप्ते अधिक ७५ दिवसांचा चालू खर्च इतकी तरल रक्कम ठेवावी लागते. वरच्या कल्पित वसाहतीचा वार्षिक खर्च तीन कोटी डॉलर धरला तर हप्त्यांचा भाग सोडून ७५ दिवसांचे होतात साधारण ६२ लाख. दर घरामागे वीस हजार डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या प्रवेश रकमेच्या चार टक्के. हे पैसे खर्च होत नाहीत. ते सरकारी रोख्यांत व्याज कमावत बसतात. खरा बोजा म्हणजे त्या व्याजातली आणि स्वतःच्या कर्जावरच्या व्याजातली तफावत. तेवढा म्हाताऱ्यांच्या बिलात चढला तर चढू द्यावा. त्यांना विचारलं तर बहुतेक जण आनंदाने भरतील. गंमत म्हणजे हा प्रश्न त्यांना कधीच विचारला जात नाही. बोज्याची काळजी त्यांच्या नावाने दुसरेच वाहतात.

या गंगाजळीच्या नियमांतही एक मेख आहे आणि ती सुधारणावाद्यांच्याही नजरेतून निसटते. गंगाजळीचा मोठा भाग मोजला जातो तो कर्जाच्या हप्त्यांवरून. कॅलिफोर्नियात वर्षाचे हप्ते, फ्लोरिडात वर्षाचे हप्ते, पेनसिल्व्हेनियात वर्षाचे हप्ते किंवा खर्चाच्या दहा टक्के यांतलं जे मोठं असेल ते. याचा अर्थ, संस्था अडचणीत आली की राखून ठेवलेला पैसा आधी सावकाराचा हप्ता चुकू नये म्हणून वापरला जाणार. रहिवाशांना किती परत करायचं आहे, त्यावरून मोजलेली गंगाजळी जवळपास कुठेच नाही. कॅलिफोर्नियात काही परतफेडी करारांसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो, तेवढाच काय तो अपवाद. रहिवाशाच्या नावाने निघालेला नियम अशा रीतीने रोखेधारकाची उशी जाड करतो.

डागडुजीच्या बाबतीत तर याहून आनंदीआनंद. वसाहत बुडण्याआधी ती झिजते. छपराचं काम पुढच्या वर्षावर जातं, मग त्याच्याही पुढच्या. बॉयलर बदलण्याऐवजी वेल्डिंग होतं. लिफ्ट आठवड्यात दोनदा अडकते आणि तिसऱ्या मजल्यावरची वॉकरवाली बाई जेवणघरात येणं सोडून देते. नवी गिऱ्हाइकं घर बघायला येतात, मळलेला गालिचा आणि १९९० च्या दशकातलं स्वयंपाकघर पाहून शेजारच्या नव्या वसाहतीत जातात. घर भरत नाही, परतफेड अडते. कोणी एक डॉलरही चोरलेला नसतो.

हे ताळेबंदात दिसतं, बघायचं ठरवलं तर. आजवरचा एकूण साठलेला घसारा भागिले वर्षाचा घसारा, की इमारतीचं हिशेबी वय येतं. पतमानांकन करणाऱ्या संस्था हा आकडा नेहमी पाहतात. साठलेला घसारा नऊ कोटी आणि वर्षाचा साठ लाख असेल तर वय पंधरा. याचा अर्थ बऱ्याच काळात मोठं काम झालेलं नाही. फ्लोरिडाचा कायदा इथेही इतरांच्या पुढे आहे: साठलेल्या घसाऱ्याच्या १५ टक्के इतका नूतनीकरण निधी ठेवा, असं तो म्हणतो. पण लगेच पुढे वरची मर्यादा घालतो, की हा निधी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी चालू खर्चाच्या १५ टक्क्यांहून अधिक नको. आपल्या उदाहरणात घसाऱ्याप्रमाणे निधी निघतो एक कोटी ३५ लाख. मर्यादेमुळे तो उतरतो ४५ लाखांवर. इमारत जितकी जुनी होत जाईल, तितकी ही कात्री मोठी. पुढारलेल्या राज्याची ही तऱ्हा. महाराष्ट्रातल्या साध्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का असा सरळ हिशेब आहे, आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. किती सोसायट्या तो पाळतात हा वेगळा विषय. पण नियम इमारतीकडे पाहून केलेला आहे आणि चावी राहणाऱ्यांच्या हातात आहे.

संस्था ना-नफा आहे, तिला लबाडी करायचं कारण काय, हा प्रश्न भाबडा असतो किंवा भाबडेपणाचं सोंग. पॅसिफिक होम्स ही मेथडिस्ट चर्चशी जोडलेली संस्था होती. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि हवाईत तिचे निवास होते. एकदा पैसे भरा आणि मरेपर्यंत राहा, असे करार तिने वर्षानुवर्षं विकले. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगली, महागाई वाढली, आणि जुन्या रहिवाशांचा खर्च नव्यांच्या पैशातून भागवत भागवत १९७७ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. सुमारे दोन हजार रहिवाशांच्या वतीने चर्चवरच खटला भरला गेला आणि १९८० मध्ये दोन कोटी दहा लाख डॉलरची तडजोड झाली. इथे कोणी खलनायक नव्हता. चांगल्या हेतूने चुकलेलं गणित होतं, आणि ते तपासणारं कोणी नव्हतं. नफा न वाटणारी संस्थाही रोखे विकते, व्यवस्थापनासाठी नफेखोर कंपनी नेमते, आणि एका तोट्यातल्या आवारासाठी दुसऱ्या धडधाकट आवाराचा पैसा हलवू शकते. नफ्याची हाव नसली म्हणून गणित आपोआप बरोबर येत नाही.

राहतो तो व्यवसायाचा सर्वात धारदार मुद्दा, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कचा कायदा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक. तरीही हार्बरसाइड तिथेच बुडाली, आणि चांगला खरेदीदार हातचा गेला तो सरकारी मंजुऱ्यांच्या दिरंगाईने. मग आणखी नियम कशाला हवेत?

दिरंगाई झाली, आणि त्याबद्दल राज्याला कोणी माफ करू नये. पण न्यूयॉर्कचा कडकपणा आहे तो प्रामुख्याने दारावर. परवाना मिळवताना कागदांचा ढीग, किती घरं आधी आरक्षित हवीत याच्या अटी, वेगवेगळ्या खात्यांचे शिक्के. एकदा आत गेल्यावर मात्र २०१४ च्या पहिल्या दिवाळखोरीनंतरही त्याच आवारात नव्या ज्येष्ठांना बोलावून त्यांच्याकडून लाखोंची प्रवेश रक्कम घेणं चालूच राहिलं. खरा प्रश्न तिथे आहे. दिवाळखोरीतून एकदा बाहेर पडलेल्या संस्थेला नव्या रहिवाशाचे पैसे त्याच जुन्या पद्धतीने, विनातारण, जुन्या देण्यांच्या खड्ड्यात ओतू द्यावेत का? अशा संस्थेने पुढची काही वर्षं प्रत्येक नवी प्रवेश रक्कम त्रयस्थ खात्यात ठेवावी, एवढी अट असती तर तिसऱ्या दिवाळखोरीत सापडलेल्या अनेकांचे पैसे वाचले असते. दारावरचा पहारा ढिला करून आतला कडक करा, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पहारा मुळात नकोच, हा निष्कर्ष हार्बरसाइडमधून निघत नाही. आणि परतफेड अनिश्चित काळ लांबवता येऊ नये, यासाठीही उपाय नवा शोधायचा नाही: कॅलिफोर्नियाने ठरावीक दिवसांनंतर न फेडलेल्या रकमेवर व्याज सुरू करायला लावलं आहे. व्याजाचा मीटर पडायला लागला की रिकामं घर रंगवून द्यायला संस्था सहा महिने लावत नाही.

हे सगळं महाराष्ट्रात बसून वाचायचं कारण दूरचं नाही. पुण्याच्या आसपास 'अथश्री'सारखे ज्येष्ठांचे प्रकल्प गेली वीसेक वर्षं आहेत, आणि पुणे आता देशातल्या अशा घरांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झालं आहे. इथे बहुतेक ठिकाणी फ्लॅट मालकीचा असतो, त्यामुळे अमेरिकेसारखी सगळी पुंजी विनातारण जात नाही. पण काही ठिकाणी मोठी परत मिळणारी ठेव घेऊन राहायचा हक्क देण्याची पद्धतही आहे, आणि मालकीच्या फ्लॅटलाही सेवेची अनामत, देखभालीचा आगाऊ निधी अशा रकमा चिकटलेल्या असतात. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. दाराची रुंदी ९०० मिलिमीटरहून कमी नको, लिफ्टमध्ये दिसणारे आणि ऐकू येणारे संकेत हवेत, न्हाणीघरात घसरू नये अशी फरशी आणि धरायला दांडे हवेत, आणि हे विक्रीकरारात लिहिलेलं हवं. उत्तम काम. इतर अनेक राज्यांनी एवढंही केलेलं नाही.

मात्र त्यात विटा-सिमेंटच्या पलीकडचं फारसं काही नाही. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकासकावर टाकली आहे. नर्स, जेवणघर आणि रुग्णवाहिका पंधराव्या वर्षीही चालू राहावी म्हणून घेतलेला पैसा कुठल्या खात्यात आहे, हे विचारणारं कलम त्यात नाही. बांधकामासाठी घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला हाच कायदा लावतो. सेवेसाठी घेतलेल्या पैशाला तो न्याय नाही. 'इथला व्यवसाय अजून बाळसं धरतो आहे, आत्ताच नियमांचं जोखड नको' असा सूर आपल्याकडेही लागतोच. पॅसिफिक होम्सलाही कोणी वेळेवर हिशेब विचारला नव्हता.

दाराची रुंदी जशी करारात लिहायला लावली, तसंच सेवेच्या अनामतीचं खातं विकासकाच्या इतर खात्यांपासून वेगळं, त्याचा तिमाही आकडा सोसायटीच्या फलकावर, आणि सेवा देणारी संस्था बदलली तर ती रक्कम नव्या संस्थेकडे न जाता रहिवाशांच्या नावावरच राहील, ही तीन वाक्यंही त्याच करारात लिहायला लावता येतील.